चौदा पायांचा खेकडा

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत एका माजी विद्यार्थ्याने कलाशिक्षकांवर चार पानांचा लेख लिहिला आहे. लेख गमतीचा आहे, वाचणारे हसतात, आणि त्यातली निम्मी वाक्ये खोटी आहेत. उरलेली निम्मी खरी असली तरी चुकीच्या जागी बसवलेली आहेत. त्या लेखानुसार आमच्या कलाशिक्षकांना खेकड्याला पाय किती असतात हे ठाऊक नव्हते. संगीतिकेसाठी त्यांनी चित्रकलेच्या वर्गात एवढा मोठा खेकडा बांधला की तो बाहेर काढायला भिंत फोडावी लागली. आणि पुढे त्याच खेकड्यात घालून त्यांनी एका मुलीला वीटभट्टीवरून पळवून आणले. त्या काळात मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. तिन्ही गोष्टींचा मी साक्षीदार आहे, आणि तिसऱ्या गोष्टीला तर माझ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही.

भिंतीचे आधी उरकतो. भिंत फोडलेली नाही. ती आजही उभी आहे आणि तिच्यावरचा गिलावा माझ्या कारकिर्दीतला आहे. खेकड्याची पाठ पंधरा वीत लांब आणि आठ वीत रुंद होती; ती परातीसारखी कडेवर उभी केली आणि दारातून सरळ बाहेर काढली. पाय सुटे होते, ते मागाहून नेले. लेखकमहाशय त्या वर्षी सहावीत होते आणि त्या आठवड्यात गोवर येऊन घरी पडले होते. हजेरीपट तपासून पाहावा.

आता माणसाविषयी. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. स्मरणिकेने ते सतरा वेळा छापले आहे, तेवढे पुरे.

आमची शाळा मुरबाड तालुक्याच्या टोकाला, जिथून सिद्धगड पावसाळ्यात चार महिने दिसत नाही आणि उरलेले आठ महिने डोळ्यांसमोरून हलत नाही, अशा गावी. नव्वदचे दशक सरत आले होते. कलाशिक्षक रुजू व्हायला आले तेव्हा खांद्याला पिशवी, खिशात सुतळीचा गुंडा आणि पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा होत्या. नेमणुकीचे पत्र माझ्या हाती देण्याआधी त्यांनी हाताचा पंजा पसरून माझे टेबल मोजले.

"नऊ वीत," ते म्हणाले. "टेबल मोठे आहे, सर. मागचा माणूस दिसत नाही."

मला ते आवडले नाही. मी त्यांना त्याच दिवशी मैदानाची वार्षिक स्वच्छता सोपवली. त्यांनी मैदानही मोजले.

सगळ्याच गोष्टींना त्यांचे एक उत्तर असे: "मोजून सांगतो." रजा मंजूर करू का, असे विचारले तरी मोजून सांगतो. गावात कोणाच्या लग्नाला जाणार का, मोजून सांगतो. आणि खरोखरच ते काहीतरी मोजून येत. काय मोजले ते कळत नसे, पण दुसऱ्या दिवशी उत्तर मिळे.

ते बसत नसत. शिक्षकदालनातल्या त्यांच्या खुर्चीवर शिपाई खडूंचे खोके ठेवी. चहा उभ्याने, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने. सभेत ते दाराशी उभे राहून सुतळी उलगडत आणि पुन्हा गुंडाळत. एकदा मी चिडून म्हणालो, "गुरुजी, बसून ऐकले तर कानाला इजा होत नाही."

"बसलो की सगळे ठीक चालले आहे असे वाटायला लागते, सर," ते म्हणाले.

ठीक चाललेले नव्हते, हे त्यांचे म्हणणे खरे होते. आमची दोन तृतीयांश मुले डोंगरालगतच्या वाड्यांवरची. भात झोडून झाले, दिवाळी सरली, की वाशिंदकडच्या वीटभट्ट्यांचे ट्रक वाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहत. आई, बाप, कोंबड्या, भांडी आणि मुले एकाच ट्रकात चढत, ती वैशाखात परतत. तिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि इकडे आमचे आठवीचे बाक रिकामे होत होते. हे दरवर्षीचे होते. दरवर्षीचे असल्यामुळे आम्हा सर्वांना त्याची सवय झाली होती, त्यांना झाली नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी एक विचित्र प्रकार केला. जे मूल गैरहजर असेल त्याची बाह्यरेषा ते फळ्याच्या कडेला खडूने काढत. नाक, केसांची ठेवण, कानाची पाळी; चार रेषांत मूल ओळखू येई. मूल परत आले की तेच पुसायला लावायचे, तोवर कोणी पुसायचे नाही. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा फळ्याच्या चारी कडा भरून चित्रे आत सरकली होती आणि गणिताच्या शिक्षकांना उरलेल्या हातभर जागेत वर्गसमीकरणे सोडवावी लागत होती. त्यांनी माझ्याकडे लेखी तक्रार केली. मी फळा पुसायला सांगितले. कलाशिक्षकांनी पुसला नाही, शिपायाने पुसला. त्या दिवसापासून ते आठ दिवस माझ्याशी फक्त होय आणि नाही एवढेच बोलले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी संगीतिका लिहिली. मार्गशीर्षात शहापूरला शाळाशाळांची स्पर्धा असे, तिच्यासाठी. गोष्ट साधी होती. खेकडा बांध पोखरतो, खाचरातले पाणी निघून जाते, गावातली मुले त्याला समजवायला जातात आणि अखेर दोघांत तह होतो. चाली त्यांच्याच, पेटीवर संस्कृतचे शिक्षक. त्यातल्या दोन ओळी अजून माझ्या कानात आहेत:

बांधाखालच्या पाटला, किती खणशील घर?
पाणी चाललं भाताचं, जरा दम धर.

सुरुवातीला खेकडा सुपाएवढा होता, एका मुलाच्या पाठीवर बांधता येईल असा. तो सुपाएवढा राहिला नाही, आणि का राहिला नाही हे स्मरणिकेच्या लेखकाला कधी विचारावेसे वाटले नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी जान्याचा बाप दाखला मागायला आला. जान्या आठवीतला हुशार मुलगा. मी त्याच्या बापाला समोर बसवून शिक्षणाचे महत्त्व वीस मिनिटे सांगितले. माझे वक्तृत्व तालुक्यात नावाजलेले होते, हे मी आत्मस्तुतीसाठी नव्हे, नोंद म्हणून सांगतो. त्याने सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बरोबर हाय, सर. उद्या सकाळी गाडी हाय."

दाराशी कलाशिक्षक उभे होते. ते म्हणाले, "जान्याला नेता येणार नाही. तो डावी नांगी आहे."

"म्हंजी?"

"खेकड्याची डावी नांगी. त्याने सोंग घेतले आहे."

बापाची मळती बोटे थांबली. त्याने वळून पोराकडे पाहिले. "सोंग घेतलंस रे?"

जान्याने मान हलवली.

"मंग कवा नाचवायचं?"

"शहापूरला. मार्गशीर्षात."

"मंग ऱ्हा म्हातारीजवळ," बाप म्हणाला आणि उठला. दाखल्याचा विषय तिथेच संपला.

वाड्यांवर बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायचे. कोणते सोंग कोणत्या घराकडे ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. एकदा सोंग घेतले की ते नाचवून उतरवल्याशिवाय गाव सोडायचे नाही, असा त्यांचा दंडक. मी त्या भागात अकरा वर्षे नोकरी केली होती, बोहाडा पाहिला होता, प्रमुख पाहुणा म्हणून दोनदा नारळही फोडला होता. पण माझ्या वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा तो एक शब्द जड आहे, हे मला कधी सुचले नाही. गेल्या वर्षी आलेल्या या माणसाला सुचले.

त्या दिवसापासून खेकडा वाढू लागला. हिरीचा बाप आला, हिरी उजवी नांगी झाली. पांडूचा चुलता आला, पांडू पहिला पाय झाला. एका पाठीवर मावणारा खेकडा आता दहा मुलांचा झाला. वाडीवरचा एक म्हातारा कणग्या विणण्यात तरबेज होता; त्याने कोंबड्या झाकायचे डालगे विणावे तशी, पण खोलीएवढी, पाठ विणून दिली. तिच्यावर मुलांनी सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिका भाताच्या खळीने चिकटवल्या, वरून गेरू आणि काजळी दिली, आणि कडेने गोणपाट सोडले. पाठ दहावीतली चार दांडगी मुले उचलत. गोणपाटाच्या आत कडेने बाकीची मुले, प्रत्येकाच्या हाती एका पायाची काठी. सगळ्यांनी एकदम आडवे चालायचे. रोज संध्याकाळी मैदानात तो डोलारा कलंडत आणि सावरत असे, आणि कलाशिक्षक ढोलकी गळ्यात अडकवून त्याच्याभोवती धावत असत.

आठ पाय, दोन नांग्या. दहा सोंगे संपली. तरी बाप यायचे थांबले नाहीत.

अकरावी होती बुधी. कणग्या विणणाऱ्या त्या म्हाताऱ्याची नात. आठवीत पहिली आलेली, बोलायला तिखट. तिच्या बापाला कोणीतरी म्हणाले, गाण्यात उभी राहील. तो म्हणाला, "गानं काय, कोनपन बोलंल. त्याला सोंग नाय म्हनत."

कलाशिक्षक म्हणाले, "ती अकरावा पाय आहे."

बापाने बोटांवर मोजले. तो जन्मभर चिंबोऱ्या धरत आला होता. "मास्तर, चिंबोरीला अकरा पाय नसत्यात."

"या चिंबोरीला आहेत. ती मोठी आहे."

बाप हसला, मान हलवत गेला, पण सोंग म्हटले होते म्हणून पोरीला ठेवून गेला. त्यानंतर बारावा, तेरावा, चौदावा. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. चौदाव्यानंतर ट्रक संपले म्हणून पाय संपले.

येथे माझी भूमिका स्पष्ट करतो, कारण लेखात मला बघ्यासारखा उभा केला आहे. मी जीवशास्त्राचा पदवीधर. खेकडा हा दशपाद प्राणी, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. माझ्या शाळेने चौदा पायांचा खेकडा घेऊन तालुक्याच्या ठिकाणी जावे हे मला सहन होणे शक्य नव्हते. स्पर्धेच्या तीन दिवस आधी मी लेखी आदेश काढला: जादा चार पाय चोवीस तासांत काढून टाकावेत. तो मी स्वतः त्यांच्या हाती दिला.

त्यांनी वाचला. "कोणते, सर?"

"जादाचे."

"जादाचे कोणते? नाव घेऊन सांगा, आत्ता कापतो."

त्यांनी मला चित्रकलेच्या वर्गात नेले. चौदा पाय भिंतीला ओळीने टेकवून ठेवले होते. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला खडूने एकेक नाव लिहिलेले होते. ते एकेका पायाला हात लावत गेले. "हा जान्या. ही हिरी, हिची आई परवा ट्रकात बसली, ही राहिली. हा पांडू. ही बुधी." चौदाही नावे त्यांनी घेतली, आणि प्रत्येक नावानंतर माझ्याकडे पाहिले.

आदेश मागे घेणे मला कधी जमलेले नाही. मी तो कागद परत मागितला, त्याच्या समासात शेरा लिहिला, "प्रजाती स्थानिक. निरीक्षण चालू," आणि सही करून त्यांना दिला. तो कागद शाळेच्या दप्तरात असला पाहिजे. ज्यांना वाटते की त्यांना पाय मोजता येत नव्हते, त्यांनी तो काढून वाचावा.

शहापूरला सभागृहात हशा झाला, हे खरे. पुढच्या रांगेत आसपासच्या वाड्यांवरच्या बायका बसल्या होत्या.

"अगो, पाय मोज."

"मोजलं. चौदा."

"एवढ्या पायांचा रस्सा करायला तपेलं कुठनं आनायचं?"

परीक्षकांपैकी एकाने नंतर विचारले, "गुरुजी, हा खेकडा कुठला?" कलाशिक्षक म्हणाले, "आमच्याकडचा." आम्हाला स्पर्धेतून बाद केले, असे लेखात आहे. केले नाही. बारा शाळांत आमचा अकरावा क्रमांक आला. बाराव्या शाळेची पेटी वाटेत फुटली होती.

खरी अडचण परत आल्यावर सुरू झाली. सोंग नाचवून झाले होते. आता मुलांना अडवायला काही उरले नव्हते, आणि वार्षिक परीक्षेला चार महिने होते. कलाशिक्षक दुसऱ्या दिवशी पहाटेच सायकल काढून गेले. गावोगावी फिरून, कुठे देवळाच्या उत्सवात, कुठे शाळेच्या पटांगणात, ते खेकड्याचे पुढचे प्रयोग ठरवत होते. सोंग अजून उतरलेले नाही, एवढाच निरोप भट्ट्यांवर जायला हवा होता. तीन दिवस ते घरी आले नाहीत. आले तेव्हा म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेपासून माघापर्यंतचे सगळे आठवडे भरलेले होते; पण मधल्या तीन दिवसांत बुधीचा बाप येऊन गेला होता. "नाचलं ना? झालं मंग," म्हणाला आणि पोरीला घेऊन गेला.

बुधीचा पाय त्यांनी दुसऱ्या कोणाला दिला नाही. बारापंधरा मुले मागत होती. "तो तिचा आहे," एवढेच. पण निर्जीव पाय जमिनीवर घासत जाई आणि शेजारच्यांच्या पायांत अडके. म्हशाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ते माझ्या कार्यालयात आले आणि माझ्या खांद्यांकडे पाहत राहिले.

"काय मोजता?" मी विचारले.

"मूल घातले तर पाय त्याचा होईल. मोठे माणूस हवे. तुमची उंची बसते, सर. जरा वाकावे लागेल."

मी त्यांना बाहेर जायला सांगितले.

लेखात म्हटले आहे की बुधीच्या पायाखाली शिपाई होता. शिपाई नव्हता. मी होतो. हे मी आजवर कोणालाही, माझ्या पत्नीलाही सांगितलेले नाही. म्हशाला गुरांच्या बाजाराशेजारी, हजारो माणसांच्या गराड्यात, मी गोणपाटाखाली कंबरेत वाकून आडवा चाललो. त्यानंतर आणखी तीन ठिकाणी. मुलांनी बाहेर अवाक्षर काढले नाही. मी का गेलो याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

माघात ते म्हणाले, "आता भट्टीवर जायचे." मी म्हणालो, तिला आणता येणार नाही, बाप देणार नाही, कायद्यात बसणार नाही. ते म्हणाले, "आणायचे नाही. पाय तिचाच आहे, एवढे तिला दिसले पाहिजे." हे त्यांचे शब्द आहेत. ज्याला मुलगी पळवायची आहे तो असे बोलत नाही.

वाशिंदच्या अलीकडे, नदीकाठची भट्टी. बाजाराचा दिवस होता म्हणून दुपारनंतर काम बंद. मुकादमाने आढेवेढे घेतले नाहीत. "करा, करा. लोकांची करमणूक." कच्च्या विटांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत टेम्पोतून खेकडा उतरवला. तुसाचा धूर डोळ्यांत जात होता. आत खळीचा आंबट वास, माझ्या नाकासमोर कोणाचा तरी भूमितीचा पेपर, आणि बाहेर ढोलकी.

दुसरे कडवे सुरू झाले तेव्हा गोणपाटाच्या फटीतून मला बुधी दिसली. कडेवर भाऊ, हात कोपरापर्यंत चिखलाचे. तिने चालत्या खेकड्याचे पाय मोजले असावेत, कारण तिची नजर माझ्या पायावर येऊन थांबली. तिने भावाला आईच्या हाती दिले, गोणपाट उचलले आणि आत आली.

"सर, तुमी?" ती कुजबुजली. मग लगेच, "उजवा आधी टाका, सर. तुमचा चुकतोय."

मी काठी तिच्या हाती दिली. आता मला बाहेर पडता येईना. मुकादमासमोर खेकड्याच्या पोटातून मुख्याध्यापकाने बाहेर येणे मला शक्य नव्हते. म्हणून मी तिच्या मागे वाकून तसाच चालत राहिलो, आणि म्हणूनच मी पुढचे पाहिले.

गाणे संपले. खेकडा आडवा सरकत टेम्पोकडे निघाला. बुधीने थांबून बाहेर पडायला हवे होते. ती काठी सोडत नव्हती. इतक्यात तिच्या बाजूचे गोणपाट वर झाले. तिची आई होती, पोराला काखोटीला मारून खेकड्याबरोबर चालत होती. तिने एक बोचके आत ढकलले.

"आत्याकडं ऱ्हा," ती म्हणाली. "परीक्षा झाल्याबिगर यायचं नाय. भाकर वरच हाय, आधी खा." मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने गोणपाट नीट खाली सोडले.

टेम्पोने रस्त्यावरची मोरी ओलांडली तेव्हा मागून तिचा आवाज आला. "माजी पोर नेली गो. मास्तरनं पोर नेली."

टेम्पोत कलाशिक्षकांनी मुले मोजली. पुन्हा मोजली. बुधीजवळचे बोचके पाहिले आणि विचारले, "आई?"

"तिनंच दिलं. बाबाला ठावं नाय."

त्यांनी टेम्पोची फळी धरली. मग सगळ्यांना म्हणाले, "विचारले तर मास्तरांनी नेले म्हणायचे. दुसरे काही नाही." आणि माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "परीक्षेपर्यंत, सर. आत्ता कळले तर आईला मार बसेल आणि ही परत जाईल."

दोन दिवसांनी बाप आला, ओरडला. कलाशिक्षक म्हणाले, "मी नेली. सोंग उतरले की स्वतः आणून सोडतो." सोंग शब्द ऐकून बाप गप्प झाला. मुकादम झाला नाही. त्याला ते शब्द लागू नव्हते. त्याने बापाचा अंगठा घेऊन आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. संस्थेचे दोन सभासद चौकशीला आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. कलाशिक्षक उभे होते. त्यांनी सगळे कबूल केले. मग एकाने मला विचारले, "मुख्याध्यापक, आपणही गेला होता. आपण काय पाहिले?"

मी म्हणालो, "मी टेम्पोजवळ होतो."

त्यांच्या सेवापुस्तकात नोंद झाली: विद्यार्थिनीस पालकांच्या संमतीविना नेले. अक्षर माझे आहे. बुधी आणि इतर तेरा जण परीक्षेला बसले आणि चौदाही जण पास झाले. बुधी आज शहापूरला सरकारी दवाखान्यात नोकरी करते. तिची आई आता नाही. कलाशिक्षक गेल्याचे तिनेच मला कळवले, आणि स्मरणिकाही तिनेच आणून दिली. ती म्हणाली, "आयनं मे महिन्यात घरी आल्यावर बाबाला सगळं सांगितलं होतं, सर. बाबा हसला होता."

हे मला माहीत नव्हते, असे मी लिहू शकलो असतो. माहीत होते. बाप जूनच्या आरंभी शाळेत आला होता आणि हसत मला म्हणाला होता, "आमच्या बायकोनंच फसवलं, सर." त्यानंतर दहा दिवसांनी कलाशिक्षकांच्या बदलीचा आदेश आला, शहापूरच्या पलीकडच्या शाळेत. तो रद्द करायला माझे एक पत्र पुरेसे होते. त्या पत्रात, मी हे कोठे उभा राहून पाहिले, एवढे एक वाक्य लिहावे लागले असते. मी कार्यमुक्तीच्या कागदावर सही केली.

त्यांनी मला गप्प राहायला सांगितले होते ते परीक्षेपर्यंत. परीक्षा एप्रिलमध्ये संपली होती.